फोरमनची सातची फेरी

माझ्या नणंदेला अख्खा बस डेपो 'घड्याळबाई' म्हणायचा, आणि गंमत म्हणजे ताईंना त्याचं कौतुकच वाटायचं. एकतीस वर्षं त्यांनी डेपोतल्या काचेच्या खोलीत टाइमकीपरचं काम केलं. कुठली गाडी कधी सुटली, कधी परत आली, ड्रायव्हर कोण, कंडक्टर कोण, हे एका लांबलचक रजिस्टरात निळ्या शाईनं लिहायचं आणि कुणी चहाला रेंगाळला की माइकवरून त्याची अब्रू काढायची. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. पण सुटली ती फक्त ती खोली. बाकी सगळं त्या घरी घेऊन आल्या. कोरी रजिस्टरं आणली, निरोपाला मिळालेलं भिंतीवरचं गोल घड्याळ आणलं, माइकवरचा आवाज आणला आणि फोरमनला आणलं.

फोरमन म्हणजे बोका. पिवळा, जाडजूड, डाव्या कानाचा तुकडा उडालेला. डेपोच्या वर्कशॉपमध्ये तो लहानाचा मोठा झाला. स्वतः इकडची काडी तिकडे करायची नाही, पण दुसऱ्यांच्या कामावर दिवसभर डोळा ठेवून बसायचं, म्हणून मेकॅनिकांनी त्याला हे नाव ठेवलं. आमच्याकडे आल्यावरही त्यानं हुद्दा सोडला नाही. खाली माझी लाँड्री, वर दोन खोल्या. मी इस्त्री करायची आणि यानं घडी केलेल्या कपड्यांच्या थप्पीवर बसून माझ्याकडे असं बघायचं, की बाई, कॉलर राहिली.

घरात चौथे म्हणजे माझे यजमान. ते लाँड्रीची व्हॅन चालवतात, आणि घरात कुणाचा आवाज चढला की व्हॅन धुवायला जातात. आमची व्हॅन गावात सगळ्यात स्वच्छ आहे.

गेल्या वर्षी हा बोका पाणी पिऊ लागला. म्हणजे किती, तर माझ्या कपडे भिजवायच्या बादलीत तोंड घालून प्यायचा. प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, रक्त काढलं, तर साहेबांना डायबेटिस! दिवसातून दोनदा इन्शुलिन, दोन-दोन युनिट, मानेमागची कातडी चिमटीत धरून. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, इथे माणसांच्या गोळ्या लक्षात राहत नाहीत, बोक्याला सुया कोण टोचणार? ताईंनी डॉक्टरबाईंना एकच प्रश्न विचारला.

"वेळ?"

"सकाळी सात, संध्याकाळी सात. जेवल्यानंतर."

ताईंचा चेहरा असा उजळला की मला चीडच आली. बोक्याला रोग झालाय आणि ह्यांना आनंद! पण खरं सांगते, त्याआधीची पाच वर्षं ताई वाळत चालल्या होत्या. सकाळी उठून तयार होऊन बसायच्या आणि दिवसभर कुणी त्यांना काही विचारायचं नाही. जेवायला बोलावलं तर जेवायच्या, नाही बोलावलं तर नाही. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या हातात वेळापत्रक दिलं होतं.

झालं. त्याच दिवशी नवं रजिस्टर निघालं. तारीख, फेरी क्रमांक, निर्धारित वेळ, प्रत्यक्ष वेळ, सही, शेरा. इंजेक्शन म्हणायचं नाही, फेरी म्हणायचं. पावणेसातला बोक्याचं ताट, सहा पंचावन्नला सिरिंज भरून तयार, घड्याळात सात वाजले की सुई आत. आम्ही कधी लग्नाला गेलो नाही, गावाला गेलो नाही. जवळपास कुठे गेलो तरी ताई चारला "चला, उशीर होतोय" म्हणून पर्स घेऊन उभ्या. एकदा माझे यजमान जिन्यावरून घसरून पायाला लागून घरात आले, तर ह्या म्हणतात, "दोन मिनिटं थांब, सात वाजतायत." मी किती बडबडले असेन त्याला गणती नाही. पण बोका टुणटुणीत झाला आणि ताईही.

आता त्या रविवारचं सांगण्याआधी ताईंची एक जुनी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई नुसतीच हट्टी आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका सकाळी एक ड्रायव्हर तापानं फणफणलेला ड्यूटीवर आला. त्याच्या हातात किल्ली राहत नव्हती. साहेब जागेवर नाहीत, बदली ड्रायव्हर नाही. ताईंनी स्वतःच्या जबाबदारीवर गाडी रद्द केली. रजिस्टरात 'रद्द' लिहिलं आणि सही केली. आता, रद्द लिहायचा अधिकार फक्त साहेबांचा, तोही लाल शाईत. साठ प्रवाशांनी आरडाओरडा केला, वरपर्यंत तक्रार गेली. ताईंना मेमो मिळाला आणि तीन महिने सापडलेल्या छत्र्या-पिशव्यांच्या खिडकीवर बसवलं. ड्रायव्हरला त्या दुपारीच दवाखान्यात भरती करावं लागलं, पण ते कुणी विचारलं नाही. त्यानंतर अठ्ठावीस वर्षं ताईंनी एकही गाडी स्वतः रद्द केली नाही. वरून आलं तर रद्द, नाही आलं तर गाडी सुटणार. माझ्याकडे कपड्यांवरचे डाग चिठ्ठीवर लिहायला लाल पेन असतं. गल्ल्याशेजारीच पडलेलं असतं. घाईत निळं सापडलं नाही तर ताई वरपर्यंत जाऊन दुसरं शोधून आणायच्या, पण त्या लाल पेनाला कधी हात लावायच्या नाहीत.

तर तो रविवार. मी पहाटेच खाली इस्त्रीला उभी. एका हॉटेलच्या वेटरांचे बारा पांढरे कोट दुपारी बाराला द्यायचे होते. अकरा कोट इस्त्री करून झाले होते. फोरमन वरून जेवून आला, थप्पीवर चढला, मान खाली घातली, आणि पोटातून असा काही आवाज काढला की मी इस्त्री टाकून धावले. उशीर झाला. वरच्या कोटावर सगळं जेवण. मी ओरडेपर्यंत दुसरा झटका. खाली उतरून जिन्याच्या पहिल्या पायरीवर तिसरा, आणि दुसऱ्या पायरीवर मागच्या बाजूनं जे झालं ते मी लिहीत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याच्याकडे पाहिलं तर बिचारा पोट आखडून, डोळे अर्धे मिटून बसलेला. तेव्हा मला घड्याळ आठवलं. बोक्याला उचलला आणि वर धावले. ताई सिरिंज घेऊन उभ्याच होत्या.

"ताई, थांबा! त्यानं सगळं ओकून टाकलंय."

"किती वाजता?"

"आत्ता! कोटावर! जिन्यावर! सगळीकडे!"

"जेवला किती वाजता?"

"अहो, तुम्हीच घातलंत ना जेवायला!"

"सहा पंचेचाळीस. म्हणजे जेवलाय." सिरिंज उजेडात धरून त्यांनी टिचकी मारली.

"पोटात काय राहिलंय त्याच्या? रिकाम्या पोटी देऊ नका, मी सांगते."

"प्रवासी उतरले म्हणून गाडी रद्द होत नाही."

असा राग आला! म्हटलं, हा बोका आहे, बस नाही! मी डॉक्टरबाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. परत लावला. रविवारी सकाळी सातला कोण उचलतंय? ताई माझ्या हातातल्या फोनकडे बघत होत्या.

"रद्द म्हणाल्या का त्या?"

"उचलतच नाहीयेत!"

"मग झालं तर. मी कोण रद्द करणारी?"

आणि सात वाजले. चिमटीत कातडी, सुई आत, कापूस, निळं पेन. सातशे एकतिसावी फेरी. प्रत्यक्ष वेळ, सात.

आता तुम्ही विचाराल, तू काय हातावर हात ठेवून उभी होतीस? सिरिंज हिसकावून घ्यायचीस. घेतली असती. पण माझंही पाणी मुरत होतं. शनिवारी रात्री आम्ही तळलेलं चिकन मागवलं होतं. ताई झोपायला गेल्या होत्या आणि हा टेबलाखाली बसून वर बघत होता. वर्षभर तेच तेच कोरडं पथ्याचं खाणं. मला कणव आली. एक साल दिली. मग दुसरी. मग म्हटलं तिसरी कशाला टाकायची. त्यामुळे रविवारी माझ्या तोंडाचा पट्टा जितका जोरात चालला होता ना, तितकीच मी आतून गप्प होते. 'काल काय खाल्लं' हा प्रश्न निघू नये म्हणून मी कोटाच्या नावानं ओरडत राहिले.

साडेदहापर्यंत मी कोट तीनदा धुतला. थंड पाणी, साबण, परत थंड पाणी, तरी छातीवर पिवळट गोल राहिलाच. फोरमन इस्त्रीच्या टेबलाखाली पडून होता. पाणी प्यायला उठला तर मागचे पाय त्याचे नव्हतेच. दोन पावलं टाकली आणि बाजूला कलंडला. डोळे मोठे, पण बघत कुठेच नव्हता.

"ताई!" मी अशी किंचाळले की समोरचा भाजीवाला उठून उभा राहिला.

ताई खाली आल्या. त्यांनी बोक्याकडे पाहिलं आणि मी पहिल्यांदा असं पाहिलं की त्या बाईंनी घड्याळाकडे मान वळवली नाही. नुसत्या उभ्या राहिल्या, दोन्ही हात खाली सोडून. फ्रिजवर डॉक्टरबाईंनी दिलेला कागद चिकटवला होता, बोका लटपटला तर हिरड्यांना साखरेचं पाणी चोळा आणि ताबडतोब आणा. मी वर धावले, वाटीत साखर कालवून आणली आणि बोटानं त्याच्या हिरड्या चोळायला लागले. त्यात निम्मी साखर माझ्या साडीवर.

"टोपली आणा, ताई! कपड्यांची! बघताय काय?"

त्यांनी टोपली आणली. यजमानांना फोन केला तर त्यांचा फोन गल्ल्यावरच वाजला. व्हॅन घेऊन गेलेत आणि फोन इथे! त्या माणसापुढे मी हात टेकलेत. मग टॅक्सी. टोपली माझ्या मांडीवर, माझं बोट बोक्याच्या तोंडात, आणि शेजारी ताई. जन्मात ज्यांनी कुठल्या ड्रायव्हरला 'सावकाश जा' सोडून दुसरं काही सांगितलं नाही, त्या पुढे वाकून म्हणत होत्या, "अहो, जरा दाबा की. दाबा ना जरा."

नशीब, दवाखान्यात ड्यूटीवर आमच्याच डॉक्टरबाई होत्या. त्यांनी बोक्याला आत नेलं, पायाला सुई लावली, सलाईनमधून साखर सोडली. वीसेक मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाल्या, शुद्धीवर आहे. माझा जीव भांड्यात पडला तेवढ्यात त्यांनी विचारलंच.

"काल वेगळं काही खाल्लं का त्यानं?"

काय करता? सांगितलं. चिकनची साल. तीन.

ताई माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता माइकवरचा आवाज निघतोय.

"किती वाजता?"

"ताई, अहो, आता वेळ घेऊन काय करायचंय!"

"सांग ना. किती वाजता?"

"साडेनऊ."

त्यांनी पर्समधून रजिस्टर काढलं. हो, बाई एवढ्या गडबडीत रजिस्टर घेऊन आली होती! पेन काढलं. पान उघडलं. आणि काहीच न लिहिता परत मिटलं. मग डॉक्टरबाईंना म्हणाल्या, "सात वाजता मी दिलं. उलटी झाल्यावर दिलं. ही नको म्हणत होती."

डॉक्टरबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे बोलल्या. त्या चरबीनं स्वादुपिंडाला सूज आली असणार, चार-पाच दिवस सलाईनवर ठेवावं लागेल, वय झालंय, खात्री देत नाही. आणि घरी आला तरी पोट असं मधूनमधून बिघडू शकतं. "तेव्हा आधी बोका बघा, मग घड्याळ बघा. खाल्लं नाही, किंवा उलटी झाली, तर मला विचारा."

"फोन लागला नाही तर?" ताईंनी विचारलं.

"तर तुम्ही ठरवायचं. द्यायचं नाही आणि मला नंतर कळवायचं."

"मी ठरवायचं?"

"मग कोण? रोज तुम्हीच बघता ना त्याला."

घरी आल्यावर ताईंनी रजिस्टर माझ्या गल्ल्यावर ठेवलं. सिरिंजचा डबा त्यावर ठेवला. म्हणाल्या, "आता तू बघ." आणि वर गेल्या. मी म्हटलं, राग आहे, उतरेल. कुठलं काय! शुक्रवारी फोरमन घरी आला, अर्धा होऊन, पायावरचे केस कापलेला. ताईंनी त्याला मांडीवर घेतलं, पण सात वाजायला आले की आपल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायच्या. त्या आठला बाहेर यायच्या. जेवायला बोलावलं तर जेवायच्या, नाही बोलावलं तर नाही. मला ती आधीची पाच वर्षं डोळ्यांसमोर दिसायला लागली.

आणि इकडे सुईशी माझी जी काय दैना! मी लोकांच्या रेशमी साड्यांवरचे शाईचे डाग काढते, पण बोक्याच्या मानेची कातडी चिमटीत धरली की सुई कुठल्या कुठे जाते. पहिल्या दिवशी सुई माझ्याच बोटात. दुसऱ्या दिवशी औषध त्याच्या केसांवर. यजमानांना म्हटलं, तुम्ही नुसता धरा त्याला. ते म्हणाले, "धरतो की. आधी व्हॅन धुऊन येतो." तिसऱ्या दिवशी माझा बांध फुटला. मी ताईंच्या दारावर थाप मारली.

"चूक काय तुम्ही एकट्यानंच केली? साली मी घातल्या! मी काय स्वयंपाक सोडला? लाँड्री बंद केली? तुमचं आपलं बरंय, दार लावून घेतलं की झालं!"

मग दार उघडलं. ताईंचा चेहरा मी इतका म्हातारा कधी पाहिला नव्हता.

"मला दिसत होतं गं," त्या म्हणाल्या. "त्याच्या पोटात काही नाही, हे मला दिसत होतं. तुझ्याआधी दिसलं. तरी मी दिलं."

"पण का?"

"भीती वाटली."

"कुणाची? इथे कोण साहेब बसलेत?"

"कुणीच नाही. तेच तर. कुणीच नाही आणि तरी भीती वाटली." आणि त्या रडल्या. मी चोवीस वर्षं या घरात आहे, ताईंना रडताना पाहिलं नव्हतं. मला काय करावं ते सुचेना, म्हणून मी आणखी दोन वाक्यं ओरडले आणि चहा टाकायला गेले.

त्यानंतरचा मंगळवार. सकाळी पावणेसातला फोरमनला खायला घातलं. त्यानं वास घेतला, मागे सरला आणि ताटाकडे पाठ करून बसला. मी हात जोडले, बाबा रे, खा. चमच्यानं भरवलं, तोंड फिरवलं. फोन लावला. वाजतोय, वाजतोय, कुणी उचलत नाही. सहा छप्पन्न. एका हातात फोन, एका हातात सिरिंज, आणि मला कळत होतं द्यायचं नाही म्हणून. पण 'द्यायचं नाही' हे चार माणसांसमोर सांगणं वेगळं आणि एकटीनं सिरिंज खाली ठेवणं वेगळं. नाही दिलं आणि साखर चढली तर? त्या क्षणी मला ताईंचा तो रविवार पहिल्यांदा नीट कळला, आणि त्यामुळे मी आणखीच वैतागले.

मागे दार वाजलं. ताई. सातच्या आत बाहेर!

त्या खाली बसल्या. गुडघे कटकन वाजले. ताट पाहिलं. बोक्याचं तोंड उघडून वास घेतला, पोटावर हात ठेवला, तो कुरकुरला तशी हात काढला. मग त्याच्यासमोर नुसत्या बसून राहिल्या. मी घड्याळाकडे बघतेय. सात वाजले. सात वाजून एक. सात वाजून तीन.

"ताई, सात वाजून गेले हो."

"कळतंय मला. डोळे आहेत मला."

सात वाजून पाच मिनिटांनी त्यांनी माझ्या हातातून सिरिंज घेतली, तिला टोपण लावलं आणि डब्यात ठेवली. मग जिना उतरून खाली गेल्या. मी त्यांच्या मागे. त्या गल्ल्याशी पाठमोऱ्या उभ्या राहून काहीतरी लिहीत होत्या, आणि लिहिता लिहिताच म्हणाल्या, "आणि ही बादली दारातून उचल आधी. एखाद्या दिवशी मी पडेन, मग बसशील ओरडत."

साडेसातला डॉक्टरबाईंचा फोन आला. मी सगळं सांगितलं, त्यांनी ताईंना फोन द्यायला सांगितलं. "अगदी बरोबर केलंत," असं मला फोनच्या बाहेरसुद्धा ऐकू आलं.

"हो," ताई म्हणाल्या. "माहीत आहे मला."

नऊ वाजता बोक्यानं तीन घास खाल्ले. माझे यजमान व्हॅन धुऊन परत आले. मी वेटरांच्या नव्यानं आलेल्या कोटांना हात घातला आणि डागाची चिठ्ठी करायला लाल पेन शोधलं, तर जागेवर नाही. ते रजिस्टरात होतं, पानांच्या मधोमध. मी पान उघडलं. निर्धारित वेळ, सात. प्रत्यक्ष वेळेच्या जागी लिहिलं होतं, रद्द. शेऱ्यात लिहिलं होतं, 'बोका जेवला नाही. मी ठरवलं.' आणि खाली लाल शाईत ताईंची पूर्ण नावाची सही.